दीक्षाभूमीवरील भाषणाचा अभ्यास कसा करावा?

(नवदीक्षित कुटुंबांसाठी अभ्यास-पाठ)



परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, नागपूर येथे आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १५ ऑक्टोबरला, त्यांनी तेथेच एक प्रदीर्घ भाषण केले. आज ते भाषण पुस्तिकेच्या रूपाने सहज मिळते. धम्मचक्र प्रवर्तन दिनी ते विहारात वाचले जाते. आपण हात जोडून ऐकतो, शेवटी 'जय भीम'चा घोष करतो आणि पुस्तिका पुढच्या वर्षापर्यंत फडताळात ठेवून देतो.

आदर असणे चांगलेच आहे. परंतु एवढ्याने या भाषणाचे काम होत नाही आणि आपलेही होत नाही. हे भाषण नुसते ऐकण्यासाठी नव्हते, विचार करण्यासाठी होते, हे स्वतः बाबासाहेबांनीच आरंभी सांगितले आहे. कालचा कार्यक्रम आज आणि आजचा कार्यक्रम काल व्हावयास हवा होता, असे ते म्हणतात. म्हणजे काय? हे कार्य आपण का अंगावर घेतले, त्याची गरज काय, त्यातून काय निष्पन्न होणार, याचा विचार आधी आणि दीक्षा नंतर, हा क्रम त्यांना योग्य वाटत होता. पुढे याच भाषणात ते सांगतात की आपल्याला अंधभक्त नकोत, ज्यांना यावयाचे आहे त्यांनी समजून-उमजून यावे.

तेव्हा ज्या कुटुंबांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे, त्यांना या पाठात एकच गोष्ट सांगावयाची आहे. या भाषणाची चिकित्सा करणे म्हणजे बाबासाहेबांचा अनादर करणे नव्हे. भाषणात त्यांनीच ती मागणी केलेली आहे. ही चिकित्सा कशी करावी, ते सहा पायऱ्यांनी पाहू.

पहिली पायरी : मजकूर कोणता, हे पाहणे

अभ्यासाला बसण्यापूर्वी हातातला मजकूर कोठून आला ते विचारावे. नागपूरचे भाषण मराठीत झाले. 'प्रबुद्ध भारत'च्या २७ ऑक्टोबर १९५६ च्या विशेषांकात ते छापले गेले. पुढे महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांचे लेखन व भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध केली, त्यांतील अठराव्या खंडात त्यांची मराठी भाषणे आहेत. या भाषणाचे इंग्रजी व हिंदी अनुवादही झाले. कोणी अनुवादावरून पुन्हा मराठी केले, कोणी चार वाक्ये गाळली, कोणी एखादे घातले. म्हणून शक्य असेल तेथे खंडातील मजकूर समोर ठेवून आपली पुस्तिका ताडून पाहावी.

हा काटेकोरपणा कशाला? तर आज कॅलेंडरवर, फलकावर आणि मोबाईलवर बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली वाटेल ती वाक्ये छापली जातात. त्यांतली काही त्यांची आहेत, काही त्यांची नाहीत. असे वाक्य दिसले की तीन प्रश्न करावेत : कोणते भाषण किंवा कोणता ग्रंथ? केव्हा? कोठे? उत्तर मिळाले नाही तर ते वाक्य पुढे पाठवू नये. पंचशीलातले चौथे शील आपण रोज म्हणतो. बाबासाहेब जे बोलले नाहीत ते त्यांच्या नावावर खपविणे त्या शीलात बसत नाही.

दुसरी पायरी : काळ, स्थळ आणि श्रोते

भाषण हवेत होत नसते. ते कोणत्या तरी दिवशी, कोणत्या तरी माणसांसमोर होते.

त्या दिवशी आपले निलंगा कोठे होते, हे मुलांना विचारून पाहा. आज लातूर जिल्हा आणि महाराष्ट्र राज्य असे उत्तर येईल. परंतु ऑक्टोबर १९५६ मध्ये निलंगा तालुका हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात होता. निजामाची सत्ता १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपून अवघी आठ वर्षे झाली होती. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. त्या दिवशी निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात आले आणि नागपूरही त्याच राज्यात आले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. लातूर जिल्हा तर १६ ऑगस्ट १९८२ चा. म्हणजे दीक्षेची बातमी आपल्या तालुक्यात आली ती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात. तरी ती आली, आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांपर्यंत पोहोचली. सरहद्दी वेगळ्या असल्या तरी गावकीचे जू सगळीकडे सारखेच होते.

आता श्रोते. समोर बसलेले बहुसंख्य लोक शेतमजूर, गावकामगार, गिरणी-कारखान्यांतले कामगार होते. पुष्कळांना लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून या भाषणात चटणी-भाकरीचे दाखले आहेत, ढोरे ओढण्याचा हिशेब आहे. पण आणखीही एक श्रोतृवर्ग होता : टीका करणारी वृत्तपत्रे आणि देशातले पुढारी. एकाच भाषणात बाबासाहेब आपल्या माणसांना धीर देतात आणि टीकाकारांना जाबही देतात. वाचताना प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला पेन्सिलीने खूण करावी : हे आपल्याला उद्देशून आहे की टीकाकाराला?

काळाची एक गोष्ट विसरू नये. या भाषणानंतर ५२ दिवसांनी, ६ डिसेंबर १९५६ रोजी, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा त्यांचा ग्रंथ मूळ इंग्रजीत प्रसिद्ध झाला तो १९५७ साली, त्यांच्या पश्चात. नवदीक्षितांना त्यांच्या तोंडून एवढे सविस्तर मार्गदर्शन पुन्हा फारसे मिळू शकले नाही.

तिसरी पायरी : हे कोणत्या आक्षेपाचे उत्तर आहे?

मोठी भाषणे बहुधा कोणत्या तरी प्रश्नांची उत्तरे असतात. प्रश्न ओळखला की उत्तर नीट कळते. या भाषणातून निदान पाच प्रश्न काढता येतात.

१. दीक्षेसाठी नागपूरच का निवडले? राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे केंद्र तेथे आहे म्हणून, असा तर्क काही लोक करीत होते. बाबासाहेबांनी तो नाकारला आणि नाग लोकांचा व बौद्ध धम्माचा संबंध सांगितला.

२. धर्मांतराने मिळालेले हक्क जातील काय? ते मिळविता येतील, असा विश्वास त्यांनी बोलून दाखविला.

३. यात गरिबांचा आर्थिक तोटा नाही काय? याला त्यांनी मानाचे उत्तर दिले. त्याकडे पुढे वळू.

४. पोटाचा प्रश्न असताना धर्म हवाच कशाला? माणसाला शरीराबरोबर मन आहे, आणि गरीब माणूस आशेवर जगतो, म्हणून धर्माची गरज गरिबालाच अधिक आहे, असे ते म्हणतात.

५. एवढा उशीर का केला? येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. दीक्षा १९५६ ची. मध्ये २१ वर्षे गेली. हे काम सोपे नव्हते आणि एका माणसाचेही नव्हते, हे ते समजावून सांगतात.

घरात वाचताना असेच प्रश्न स्वतः काढावेत. पाचाचे सात निघाले तरी बिघडत नाही.

चौथी पायरी : विधाने वेगवेगळी करणे

सूप घेऊन धान्य पाखडतो तसे भाषणातले प्रत्येक विधान वेगळे काढावे. चार प्रकार पुरेत : घडलेली गोष्ट, युक्तिवाद, दाखला आणि आवाहन. प्रत्येकाची तपासणी वेगळी असते. घडलेली गोष्ट खरी की खोटी हे पुराव्याने ठरते. युक्तिवाद बुद्धीने तपासावा लागतो. दाखला चपखल आहे की नाही एवढेच पाहावयाचे. आवाहन मात्र आचरणानेच तपासता येते.

ढोरांचा परिच्छेद घेऊ. मेलेली ढोरे ओढू नका, मेलेल्याचे मांस खाऊ नका, असे बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले होते. त्यावर 'केसरी'त कोणी हिशेब मांडला की कातडे, शिंगे, खुरे, हाडे, मांस यांतून वर्षाला ५०० रुपये मिळतात, ते हे लोक गमावीत आहेत. बाबासाहेबांनी हा हिशेब खोटा आहे असे म्हटले नाही. एवढा जर त्यात फायदा आहे तर उपदेश करणाऱ्यांनी हे काम स्वतः का करू नये, असे त्यांनी विचारले. नंतर त्यांनी मूळ मुद्दा मांडला : माणसाला लाभापेक्षा मान अधिक प्यारा असतो. आपल्या भगिनींना साधी चटणी-भाकरी मिळत नाही, तरी त्या अब्रूने राहतात, हा दाखला त्यासाठी आला आहे.

येथे पाखडून पाहा. 'केसरी'तील मजकूर ही घडलेली गोष्ट. तुम्हीच का करीत नाही, हा युक्तिवाद. चटणी-भाकरी हा दाखला. आणि मानासाठी तोटा सोसा, हे आवाहन. युक्तिवादाचे बळ कशात आहे? टीकाकाराने प्रश्न रुपयांत मांडला होता, बाबासाहेबांनी तो माणुसकीत मांडला. ज्या कामाला मोबदला आहे पण जे काम एकाच जातीच्या गळ्यात बांधले आहे, ते काम नोकरी नसून गुलामी आहे, असा त्याचा अर्थ. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. तराळकी, येसकरकी, बलुत्याची भाकरी त्यांनी पाहिलेली किंवा आपल्या आई-वडिलांकडून ऐकलेली आहे. याच प्रश्नावर फेब्रुवारी १९४१ मध्ये कसबे तडवळे येथे बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदारांची परिषद झाली होती. 

आता नाग लोकांचा परिच्छेद घेऊ. भारतात बौद्ध धम्माचा प्रसार नाग लोकांनी केला, असे बाबासाहेब म्हणतात, आणि अगस्ती मुनीने वाचविलेल्या एका नाग पुरुषाचे आपण वंशज आहोत, असेही सांगतात. ही दोन विधाने एकाच पारड्यात टाकू नयेत. विदर्भात बौद्ध धम्म प्राचीन काळी रुजला होता, याला जमिनीतले पुरावे आहेत. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली उत्खनन झाले आणि प्राचीन स्तूपाचे अवशेष मिळाले. अगस्तीची कथा मात्र पुराणातली आहे. ज्यांच्याकडून इतिहास हिरावून घेतला होता, त्यांना आपल्या जुन्या नात्याची आठवण करून देण्यासाठी ती आली आहे. कोणी वाद घालावयास आला तर पवनीचा दाखला द्यावा, अगस्तीची कथा पुरावा म्हणून पुढे करू नये. असा विवेक केल्याने भाषणाचे मोल उणे होत नाही. कोणत्या विधानावर किती भार टाकावा, एवढे आपल्याला कळते.

पाचवी पायरी : पुढच्या इतिहासाशी ताडून पाहणे

आपल्याला एक सोय आहे, जी १९५६ च्या श्रोत्यांना नव्हती. पुढे काय झाले ते आपल्याला माहीत आहे.

हक्कांचा प्रश्न घ्या. टीकाकार म्हणत होते, सवलती जातील. बाबासाहेब म्हणत होते, हक्क मिळवू. कोणाचे खरे ठरले? प्रामाणिक उत्तर असे : केंद्राच्या सवलती बौद्धांना खरोखरच नाकारल्या गेल्या. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीत गणले जाण्यासाठी कागदावर हिंदू असणे आवश्यक होते. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा नाही. महाराष्ट्र राज्याने १९६० साली आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांना लागू केल्या. केंद्राने मात्र १९९० साली कायदा दुरुस्त केला. म्हणजे दीक्षेनंतर ३४ वर्षे गेली. या ३४ वर्षांत कित्येक कुटुंबांनी घरात बुद्धमूर्ती ठेवली आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' लिहिले. कित्येकांनी 'बौद्ध' लिहिले आणि केंद्राच्या नोकरीवर पाणी सोडले. दोघांचीही ओढाताण समजून घेतली पाहिजे.

मग बाबासाहेबांचा विश्वास चुकीचा होता काय? नाही. हक्क मिळाले, पण आपोआप मिळाले नाहीत. मोर्चे, निवेदने, तुरुंग आणि संसदेतला आग्रह यांतून मिळाले. त्यांचा शब्द म्हणजे भविष्य नव्हते. कामाची जबाबदारी ते पुढच्या पिढीवर टाकीत होते. हे तारखा ताडून पाहिल्याखेरीज कळत नाही.

मानाचा मुद्दाही ताडून पाहा. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला आणि मराठवाड्यातल्या खेड्यांत दलितांची घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. १९९३ साली नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. विद्यापीठाच्या नावाने कोणाच्या घरात भाकरी वाढणार नव्हती, हे या माणसांना ठाऊक होते. लाभापेक्षा मान प्यारा असतो हे नागपूरचे विधान आपल्याच मातीत एवढी मोठी किंमत देऊन खरे करून दाखविले गेले.

तिसरा मुद्दा संख्येचा. बौद्ध धम्माच्या दृष्टीने भारताची भूमी आज शून्यवत आहे, असे बाबासाहेब म्हणाले. १९५१ च्या जनगणनेत भारतात बौद्ध सुमारे १ लाख ८० हजार होते. १९६१ साली ते सुमारे ३२ लाख ५० हजार झाले. २०११ साली सुमारे ८४ लाख, आणि त्यांपैकी ६५ लाख एकट्या महाराष्ट्रात. संख्या वाढली हे खरे. पण चारांतले तीनहून अधिक बौद्ध एकाच राज्यात आहेत, हेही खरे. शून्य पुसले गेले, परंतु भारत बौद्धमय करण्याचे काम पुष्कळ बाकी आहे, असाच निष्कर्ष आकड्यांतून निघतो.

सहावी पायरी : भाषणाने आपल्याकडे काय मागितले?

भाषणाचा हा भाग सर्वांत कमी वाचला जातो. सुरुवातीचा आवेशपूर्ण भाग आपल्याला पाठ असतो, शेवटी येणाऱ्या मागण्या मात्र आपल्याला आठवत नाहीत. त्या तीन आहेत.

पहिली मागणी जबाबदारीची. हा धर्म म्हणजे गळ्यात अडकवून घेतलेले मढे आहे असे समजू नका, तो उत्तम रीतीने पाळा, आपल्या लोकांनी तो हीन अवस्थेला नेला असे होऊ देऊ नका, असा त्यांचा इशारा आहे. दारात पंचशील ध्वज आहे पण लग्नाला मुहूर्त पाहिला, भिंतीवर बुद्ध आहेत पण आजारपणात अंगाऱ्या-धुपाऱ्याला गेलो, वस्तीतल्याच दुसऱ्या जातीच्या घरचे पाणी घेतले नाही, अशा वेळी हा इशारा स्वतःला लावून पाहावा.

दुसरी मागणी दानाची. मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्या. हिशेब सोपा आहे. समजा, एखाद्याला दिवसाची मजुरी ४०० रुपये मिळाली, तर विसावा हिस्सा २० रुपये होतो. ज्याला तेवढे जमत नाही त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावे, पण ठरवावे. जयंतीच्या वर्गणीत एकदम दिलेली मोठी रक्कम आणि वर्षभर नियमाने बाजूला काढलेली लहान रक्कम, यांतील दुसरीच मागणी या भाषणात आहे.

तिसरी मागणी प्रसाराची. प्रत्येक बौद्धाला दुसऱ्यास दीक्षा देण्याचा अधिकार आहे, असे बाबासाहेबांनी जाहीर केले. पुरोहितशाहीच्या देशात केवढी मोठी गोष्ट! दीक्षा देणे हा कोणा एका जातीचा किंवा घराण्याचा मक्ता राहिला नाही. परंतु अधिकार म्हटला की तयारी आली. ज्याला त्रिशरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञांचा अर्थ सांगता येत नाही, तो दुसऱ्यास काय देणार?

घरी कसे बसावे?

वर्षावासात किंवा एरवीही, सहा संध्याकाळी पुरेत. रोज एक पायरी घ्यावी. ज्याला वाचता येते त्याने मोठ्याने वाचावे. शाळेतल्या मुलाने वहीत प्रश्न उतरवावेत. आजी-आजोबांनी गावकीच्या आठवणी सांगाव्यात, कारण चौथ्या पायरीचा पुरावा त्यांच्यापाशी आहे. सुनांनी आणि मुलींनी नुसते ऐकत बसू नये, त्यांनीही शंका विचाराव्यात. दीक्षा घराला मिळाली आहे, एकट्या पुरुषाला नव्हे.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांच्या शब्दाला शंका घेणारे आपण कोण? तथागतांनी कालामांना केलेला उपदेश त्यांना सांगावा. परंपरेने चालत आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून मानू नका, ते हितकारक आहे काय ते स्वतः पाहा, आणि तसे दिसले तर त्याप्रमाणे वागा, असा त्याचा आशय आहे. त्याचा उत्तरार्ध विसरू नये. तपासून पटल्यावरही जो वागत नाही, त्याची चिकित्सा वाया गेली.

अभ्यासासाठी प्रश्न

१. बाबासाहेबांनी कार्यक्रमांचा क्रम उलटा झाला असे का म्हटले? आपल्या घरातील दीक्षेच्या वेळी क्रम कोणता होता?
२. भाषणातून घडलेली गोष्ट, युक्तिवाद, दाखला व आवाहन यांची प्रत्येकी दोन उदाहरणे काढा.
३. १९५६, १९६० आणि १९९० या तीन वर्षांत बौद्धांच्या सवलतींसंबंधी काय घडले? आपल्या घरातील जुन्या दाखल्यांवर धर्माच्या रकान्यात काय लिहिले आहे ते पाहा आणि का लिहिले ते वडिलांना विचारा.
४. तीन मागण्यांपैकी कोणती आपण पाळतो? कोणती येत्या पौर्णिमेपासून सुरू करता येईल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहिण्यापूर्वी सर्वांनी मिळून ठरवावे.

सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जय भीम!